हानीच्या शेजारचे क्रियापद

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी माणसाला हानीचे शब्द लवकर पाठ होतात. हार्म म्हणजे अपाय, डॅमेज म्हणजे नुकसान, इंज्युरी म्हणजे इजा, हर्ट म्हणजे दुखापत, लॉस म्हणजे तोटा. अडते ते वाक्य लिहायला घेतल्यावर. गारांनी स्ट्रॉबेरीचे नुकसान केले, हे इंग्रजीत सांगायचे तर डॅमेजला कोणते क्रियापद लावायचे? 'मेक डॅमेज' चालत नाही, 'गिव्ह डॅमेज' तर मुळीच नाही. 'डू डॅमेज' चालते, 'कॉज डॅमेज' चालते. इंज्युरीला मात्र आज 'डू' फारसे कोणी लावत नाही. तिथे 'कॉज' किंवा 'इन्फ्लिक्ट' येते आणि ज्याला लागले त्याच्या बाजूने बोलायचे असेल तर 'सफर' किंवा 'सस्टेन'. लॉस 'इन्कर' होतो. 'कम टू हार्म' असते, पण 'कम टू डॅमेज' नसते. ही यादी मुलांकडून घोकून घेतली जाते आणि परीक्षा संपली की विसरली जाते, कारण ती तशी का आहे हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. काय बिघडले हे नाम सांगते, पण त्याचा जाब कोणाला विचारायचा हे बहुतेक वेळा शेजारचे क्रियापद ठरवते. हा धागा हाती आला की ही यादी घोकावी लागत नाही, असे माझे म्हणणे आहे. ते तपासायला महाबळेश्वरासारखी जागा नाही.

याचे पहिले कारण म्हणजे या एका तालुक्यात हानीच्या इतक्या तऱ्हा एकत्र येतात की नमुन्यांसाठी दुसरीकडे जायची गरजच पडत नाही. पावसाळ्यात दरड कोसळते, रस्ता खचतो. थंडीत वेण्णा लेकच्या काठी दवबिंदू गोठतात आणि स्ट्रॉबेरीची कोवळी पाने करपतात. अवकाळी पाऊस आला की तोडणीला आलेले फळ कुजते. रात्री गवे शेतात शिरतात. हंगामात गाड्यांच्या रांगा लागतात, डोंगराच्या उतारांवर बांधकामे उभी राहतात आणि त्यावरून तक्रारी होतात. दुसरे कारण इतिहासातले आहे. १८२८ च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात इथे इंग्रजांची वस्ती सुरू झाली. माल्कमपेठ हे नाव त्याचीच खूण. पाचगणीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्रजी निवासी शाळा आहेत. १८४७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या इंग्रजी-मराठी शब्दकोशाचे कर्ते मेजर थॉमस कँडी १८७७ साली महाबळेश्वरातच वारले. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामातही त्यांचा हात होता आणि मराठी छपाईत इंग्रजी धाटणीची विरामचिन्हे रुजवण्याचे बरेचसे श्रेय त्यांनाच दिले जाते. दोन भाषांमधल्या सांध्यावर आयुष्य घालवलेल्या या माणसाचा शेवट या डोंगरावर झाला, याचे मला अप्रूप वाटते. शब्दकोश शब्दासमोर शब्द ठेवतो आणि ते काम कँडींनी फार नेटाने केले. शब्द कोणाच्या सोबतीने नांदतो हे सांगणे मात्र त्या काळच्या कोशाचे काम मानले जात नव्हते. इंग्लंडमधले भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५० च्या दशकात शब्दाच्या सोबतीला अभ्यासाचा विषय बनवले आणि पुढे संगणकात साठवलेल्या लाखो वाक्यांमुळे ती सोबत मोजता येऊ लागली.

त्या मोजणीतून हाती आलेला सर्वांत उपयोगी निष्कर्ष 'कॉज' या साध्या क्रियापदाबद्दल आहे. शाळेत 'कॉज म्हणजे कारण होणे' एवढेच शिकवतात, म्हणजे अर्थाने ते चांगल्या-वाईट दोन्हींना लागू व्हायला हवे. मायकेल स्टब्ज या अभ्यासकाने १९९५ साली प्रत्यक्ष वापर तपासला, तेव्हा 'कॉज'च्या पुढे बहुतांश वेळा वाईटच गोष्टी सापडल्या. डॅमेज, डेथ, पेन, प्रॉब्लेम, कन्सर्न ही त्याची नेहमीची सोबत. 'कॉज हॅपिनेस' व्याकरणात बसते, पण इंग्रजी कानाला खटकते. आनंदासाठी ते 'ब्रिंग' वापरतात. मराठी वाचकाला हे परके वाटण्याचे कारण नाही. आपले 'मुळे' दोन्हीकडे चालते. पावसामुळे पीक आले म्हणतो, पावसामुळे पीक गेले असेही म्हणतो. 'पायी' मात्र तसे नाही. दारूपायी घर बुडाले, हट्टापायी जमीन गेली, असेच आपण म्हणतो. आईच्या कष्टांपायी मुलगा शिकला, असे कोणी म्हणत नाही. 'कॉज'मध्ये 'पायी'चा थोडा वास आहे. इंग्रजी पत्रात 'युवर व्हिजिट कॉज्ड अस ग्रेट जॉय' असे लिहिणारा सभ्यच असतो, पण आनंदाला त्याने चुकीची सोबत दिलेली असते.

आता करणाऱ्याची आणि सोसणाऱ्याची बाजू पाहू. 'डू' आणि 'कॉज' दोन्ही करणाऱ्याकडून बोलतात. 'डू'ला हार्म, डॅमेज अशी मोजकीच नामे चालतात. त्यात एक घरगुती सैलपणा आहे आणि 'डू मोअर हार्म दॅन गुड' सारखे हिशेबही त्यात मांडता येतात. 'कॉज' कागदावरचे, चौकशीचे क्रियापद आहे. 'इन्फ्लिक्ट'मध्ये हात उगारलेला दिसतो. दुसऱ्या बाजूला 'सफर', 'सस्टेन' आणि 'इन्कर' यांत हानी ज्याच्या वाट्याला आली तो वाक्याच्या तोंडाशी येतो आणि करणारा वाक्याबाहेर राहू शकतो. 'द व्हिलेज सफर्ड हेवी लॉसेस' हे वाक्य पूर्ण आहे. त्यात आणखी काही सांगायचे राहिले असे वाचणाऱ्याला वाटत नाही. 'समवन इन्फ्लिक्टेड हेवी लॉसेस' असे लिहिले की 'कोणी?' हा प्रश्न लगेच उभा राहतो. 'इन्कर'ला वेगळा रंग आहे. त्यात तोटा स्वतःच्या व्यवहारातून ओढवून घेतल्याची छटा आहे, म्हणून व्यापारी आणि कंपन्या 'इन्कर' करतात. गारपिटीत सापडलेल्या शेतकऱ्याने विम्याच्या इंग्रजी अर्जात 'आय इन्कर्ड लॉसेस' लिहिले तर चूक कोणी म्हणणार नाही, पण 'सफर्ड' हे त्याच्या बाजूचे क्रियापद आहे.

क्रियापदाचा हा भेद किती दूरवर जातो, याचा पुरावा इंग्लंडच्या न्यायालयांत आहे. १८६१ च्या तिथल्या कायद्यात 'ग्रिव्हस बॉडिली हार्म' म्हणजे गंभीर शारीरिक इजेबद्दल दोन कलमे आहेत. अठराव्या कलमात 'कॉज' हे क्रियापद आहे; इरादा सिद्ध झाला तर शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. विसाव्या कलमात 'इन्फ्लिक्ट' आहे आणि तिथे कमाल शिक्षा पाच वर्षे. मग दोन क्रियापदांचा अर्थ एक की निरनिराळा? १८८८ साली क्लॅरेन्स नावाच्या खटल्यात नवऱ्याने आपला आजार लपवून पत्नीला त्याची लागण केली होती. बहुमताने त्याची शिक्षा रद्द झाली, आणि 'इन्फ्लिक्ट'मध्ये आघात अभिप्रेत आहे, लागण त्यात बसत नाही, हे त्यामागचे एक कारण होते. त्या बाईला झालेली इजा खरी होती, तरी क्रियापद तिच्या मदतीला आले नाही. हा वाद शंभर वर्षांहून जास्त चालला. १९९७ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सपुढे बर्स्टो नावाचे प्रकरण आले. एका पुरुषाने एका बाईचा दीर्घकाळ पाठलाग केला, मुके फोन केले, धमकीची पत्रे धाडली; अंगाला हात लावला नाही, पण ती गंभीर नैराश्याने आजारी पडली. असा मानसिक आजारही 'इन्फ्लिक्ट' होऊ शकतो, त्यासाठी शरीरावर प्रत्यक्ष बळ वापरलेले असण्याची गरज नाही, असे तिथे ठरले. एका क्रियापदाच्या अर्थासाठी एका देशाच्या न्यायालयांना इतकी वर्षे खर्ची घालावी लागली. क्रियापद म्हणजे निव्वळ सवय असे म्हणणाऱ्याने हे प्रकरण जरूर वाचावे.

आपल्याकडचा कायदा जवळपास त्याच वेळचा, पण त्याने दुसरी वाट धरली. मेकॉले यांच्या आयोगाने १८३७ मध्ये मसुदा केलेली भारतीय दंड संहिता १८६० साली मंजूर झाली आणि १८६२ च्या पहिल्या जानेवारीला लागू झाली. तिच्यात 'बॉडिली हार्म'ऐवजी 'हर्ट' हे नाम आहे, गंभीर प्रकारासाठी 'ग्रिव्हस हर्ट' आहे आणि व्याख्येत क्रियापद 'कॉज' हे आहे. ज्याने शारीरिक वेदना, रोग किंवा दुर्बलता घडवली त्याने 'हर्ट' केले, असा तिचा आशय आहे. यात रोग हा शब्द आहे हे मुद्दाम पाहण्यासारखे आहे. क्लॅरेन्स खटल्यात इंग्लंडमध्ये जो पेच पडला, तो इथल्या व्याख्येच्या शब्दांत तसा पडत नाही. मराठीत याला दुखापत आणि जबर दुखापत म्हणतात आणि ती 'पोचवली' जाते. म्हणून साताऱ्याच्या कोर्टातली मारामारीची बातमी भारतीय इंग्रजी वृत्तपत्र 'ग्रिव्हस हर्ट' अशी देते आणि लंडनचे वृत्तपत्र तशाच गुन्ह्याला 'ग्रिव्हस बॉडिली हार्म' म्हणते. दोघांचेही इंग्रजी शुद्धच आहे. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. कलमांचे आकडे बदलले, 'हर्ट' आता ११४ व्या कलमात आहे, पण शब्दांची ही जोडी तशीच राहिली.

यावर पहिला आक्षेप असा येईल की न्यायालय सोडून द्या, रोजच्या इंग्रजीतल्या जोड्यांना काही तर्क नसतो, त्या रूढीने पडतात. या आक्षेपात बरेच तथ्य आहे. विशेषणांच्या बाबतीत मी तो जवळजवळ पूर्ण मान्य करतो. डॅमेज 'सिव्हिअर' किंवा 'एक्स्टेन्सिव्ह' असते, इंज्युरी 'सीरियस' किंवा 'मायनर' असते, लॉस 'हेवी' असतो. 'हेवी इंज्युरी' का नाही, याचे उत्तर कोणाजवळ नाही. आपणही अतोनात नुकसान म्हणतो, अतोनात इजा म्हणत नाही. किरकोळ जखमी म्हणतो, अतोनात जखमी म्हणत नाही. मोजण्याचे नियमही असेच पाठ करावे लागतात. 'इंज्युरीज' अनेक असतात. 'डॅमेज' अनेक नसते, आणि 'डॅमेजेस' असे अनेकवचन केले की त्याचा अर्थ कोर्टाने द्यायला लावलेली भरपाई असा होतो. 'मेनी डॅमेजेस टू माय फील्ड' असे लिहिणाऱ्याला शेताची अनेक नुकसाने सांगायची असतात आणि वाचणाऱ्याला भलतेच काही दिसते. हा भाग पाठांतराचाच आहे. पण विशेषणांवरून क्रियापदांचा निवाडा करणे बरोबर नाही. क्रियापदांची विभागणी करणारा आणि सोसणारा या रेषेवर झालेली आहे आणि ती रेषा दोन्ही भाषांत सापडते. ज्या गोष्टीला कारण आहे ती कारणासकट शिकली तर टिकते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. मराठीत 'नुकसान झाले', 'इजा झाली', 'फटका बसला' अशीच सवय आहे, करणाऱ्याला पुढे आणणे हा इंग्रजीचा गुण आहे, आपली भाषा जबाबदारी झाकते, असे काही लोक म्हणतात. तालुक्यातली वाक्ये कानाने ऐकली तर हे टिकत नाही. 'बसणे' या एका क्रियापदाचे काम पाहा. फटका बसतो, धक्का बसतो, झळ बसते, चटका बसतो, भुर्दंड बसतो. सोसणाऱ्याच्या अंगावर काही येऊन आदळल्याची जाणीव या सगळ्यांत आहे. इंग्रजीच्या 'सफर'मध्ये ती इतकी ठसठशीत नाही. कीड मात्र 'लागते', बुरशी 'लागते', कारण ती हळूहळू चढते. आणि करणारा जिथे आहे तिथे मराठी त्याला अचूक धरते. गव्यांनी पिकाची नासधूस 'केली', रानडुकरांनी शेतात धुडगूस 'घातला'. नासधुशीचे तोंड 'करणे'कडेच वळलेले असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मराठीने आपोआप घडणे आणि मुद्दाम घडवणे यांसाठी क्रियापदांच्या जोड्याच ठेवल्या आहेत. कप फुटतो आणि कप फोडतात. इंग्रजीत दोन्हीला 'ब्रोक' एकच. आपल्याकडे तर मधली पायरीसुद्धा आहे. 'माझ्या हातून कप फुटला' यात हात माझा आहे हे कबूल केलेले असते आणि हेतू नव्हता हेही सांगितलेले असते. हे इंग्रजीत सांगायला 'ॲक्सिडेंटली' असा वेगळा शब्द जोडावा लागतो.

महाबळेश्वरात या जोड्यांना कायद्याचे वजन आहे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने १७ जानेवारी २००१ रोजी महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. त्या अधिसूचनेनुसार इथे झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही. मग वादळानंतर रस्त्याकडेला आडव्या झालेल्या झाडाबद्दल 'पडले' लिहायचे, 'पाडले' लिहायचे की 'तोडले' लिहायचे, यावर पुढची कारवाई अवलंबून असते. पहिल्या दोहोंत तर एका कान्याचाच फरक आहे, तरी ही क्रियापदे निसर्ग आणि माणूस यांना वेगळे करतात. इंग्रजीत इथे 'फेल' आणि 'वॉज फेल्ड' असे दोन प्रयोग आहेत आणि ते दिसायला इतके सारखे आहेत की नवखा माणूस हमखास गोंधळतो. ज्या १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली ही अधिसूचना निघाली, त्यात घातक पदार्थाची व्याख्या करताना 'लायेबल टू कॉज हार्म' अशी जोडी आहे. म्हणजे हानी अजून झालेली नसली, पण होण्याचा संभव असला तरी पुरे. हा 'लायेबल टू' फार मोलाचा आहे. झालेल्या हानीचा पंचनामा करता येतो, पण होऊ घातलेली हानी थांबवायची तर भाषेत तिच्यासाठी आधी जागा असावी लागते. मराठीत ती जागा 'अपायकारक' आणि 'घातक' या विशेषणांनी भरून निघते, आणि सरकारी मराठीने ती आळस न करता वापरावी.

तिसरा आक्षेप निसर्गाच्या बाजूने येईल. २२ जुलै २०२१ ला सुरू झालेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरात ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. आंबेनळी घाटातला रस्ता जागोजागी खचला, आणि याच जिल्ह्यात पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मिरगावसारख्या वाड्यांवर दरडी कोसळून माणसे गेली. इथे करणारा कोण? कोणाला जाब विचारणार? अशा वेळी 'झाले', 'सफर्ड', 'बाधित' हीच प्रामाणिक क्रियापदे आणि विशेषणे आहेत, हे मला मान्य आहे. गावपातळीवरचे महसूल, ग्रामपंचायत आणि कृषी विभागांचे कर्मचारी मिळून जो पंचनामा करतात त्यातही कोणी केले हा प्रश्न नसतो. किती झाले एवढेच पाहिले जाते आणि ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान असेल तर मदत मिळते. पण पाऊस निसर्गाचा म्हणून त्या दिवसातले सगळेच निसर्गाचे होत नाही. दरड कोसळली हे एक वाक्य आहे आणि तिच्या पायथ्याशी उतार कापला होता की नव्हता हे दुसरे वाक्य आहे. पहिल्याला 'सफर' हे क्रियापद योग्य आहे. दुसऱ्यात उतार कापल्याचे दिसले, तर ते वाक्य 'कॉज' मागते. दोन्ही वाक्ये एकाच 'झाले'मध्ये कोंबली की दुसरा प्रश्न विचारायचाच राहून जातो. इंग्रजी वृत्तपत्रेही यात मागे नाहीत. 'डॅमेज वॉज कॉज्ड' असे कर्मणी वाक्य लिहून 'कोणी' हा शब्द गाळण्याची सोय तिथे भरपूर वापरली जाते. दोष कोणत्याही एका भाषेचा नाही. सोय दोन्हीकडे आहे, आणि ती कुठे घ्यायची हे लिहिणारा ठरवतो.

मराठीतून इंग्रजीत जाताना होणाऱ्या चुकाही याच बाजूने पाहाव्यात. 'माय लेग इज पेनिंग' हे वाक्य 'पाय दुखतोय' यावरून थेट उतरलेले आहे. 'पेन'चे क्रियापद इंग्रजीत आहे, पण ते मनाला यातना देण्यासाठी राखीव आहे, पायासाठी 'हर्ट्स'. 'लॉस हॅपन्ड टू मी' हे 'माझा तोटा झाला' याचे शब्दशः रूप. तिथे 'आय सफर्ड अ लॉस' म्हटले की सोसणारा वाक्याच्या तोंडाशी येतो आणि वाक्य सरळ उभे राहते. 'ही गेव्ह मी इंज्युरी'मध्ये आपले 'त्रास दिला', 'मार दिला' डोकावते. शिक्षकांनी अशा वाक्यांवर लाल रेघ ओढून पुढे जाऊ नये. मुलाने वाक्यात करणारा ठेवला आहे की सोसणारा, हे आधी विचारावे आणि त्या बाजूचे क्रियापद त्याच्याच तोंडून काढून घ्यावे. जीवितहानी, वित्तहानी असे आपले जोडशब्दही तसेच उतरवू नयेत. 'लाइफ लॉस' कोणी म्हणत नाही. 'लॉस ऑफ लाइफ' म्हणतात आणि कोणी मेले किंवा जखमी झाले नसेल तर 'नो कॅज्युअल्टीज' म्हणून मोकळे होतात.

पीक विम्यात, गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीची खबर ७२ तासांच्या आत द्यावी लागते, आणि पुढचा पत्रव्यवहार पुष्कळदा इंग्रजीत होतो. भिलार, गुरेघर, मेटगुताड कुठल्याही गावचे असा, तो कागद हातात आला की आधी मराठीत स्वतःशी एक वाक्य म्हणा. हे पीक गारांनी गेले, जनावरांनी खाल्ले की वरच्या बाजूच्या कोणी पाणी सोडल्याने कुजले? पहिल्यासाठी 'सफर्ड डॅमेज ड्यू टू हेलस्टॉर्म' लिहा. दुसऱ्यासाठी जनावराचे नाव वाक्याच्या सुरुवातीला ठेवून 'डॅमेज्ड' किंवा 'डिस्ट्रॉइड' लिहा, कारण वन्यप्राण्यांनी केलेल्या नुकसानीची भरपाई वनखाते देते आणि तो अर्जही तिकडेच जातो. तिसऱ्यासाठी 'कॉज्ड' लिहा, आणि त्याच्या आधी कर्ता लिहायला विसरू नका.